शेतकरी उत्पादक कंपनी काढताय? नोंदणीपासून पहिल्या बोनसपर्यंतची वाट

महाराष्ट्रात शेतकरी उत्पादक कंपन्या, म्हणजे शेतकरीच ज्यांचे भागधारक असतात अशा कंपन्या, हजारोंनी नोंदल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी आज फक्त पाटीपुरत्या उरल्या आहेत. नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये, शेड अर्धवट, सभासदांचा माल मात्र पूर्वीसारखाच आडतीवर. मराठवाड्यातल्या सोयाबीन-तूर-हरभऱ्याच्या पट्ट्यात एका कंपनीचं संचालकपद सांभाळताना जे शिकायला मिळालं, ते इथे क्रमाने मांडतो. तुमचं पीक कांदा, हळद किंवा द्राक्ष असेल तर आकडे बदलतील, पण क्रम हाच ठेवा.

माझं म्हणणं एकच आहे. कंपनीची कमाई यंत्रातून किंवा अनुदानातून सुरू होत नाही. माल देणारा शेतकरी, तो घेणारा कारखाना, पैसा पुरवणारी बँक, पोती उचलणारे हमाल, हिशेब ठेवणारा मुलगा, या सगळ्यांना कंपनीशी व्यवहार करणं आधीपेक्षा परवडायला लागलं, की तिथून ती सुरू होते. यातला एकजण जरी सतत तोट्यात राहिला तरी तो निघून जातो आणि साखळी तुटते. पुढची प्रत्येक पायरी याच नजरेने वाचा.

१. नाव शोधण्याआधी रुपया कुठे गळतो ते शोधा

गावातल्या दहा-बारा शेतकऱ्यांच्या मागच्या हंगामाच्या विक्रीपट्ट्या गोळा करा. कुठे विकलं, काय भाव मिळाला, आडत, हमाली, तोलाई, कडता (वजनातून धरलेली कपात) किती गेला, गाडीभाडं किती, पैसे किती दिवसांनी मिळाले, हे एका वहीत लिहा. त्याच वहीत खत-बियाण्याची बिलंही नोंदवा. या वहीत कंपनीचा सगळा धंदा दिसतो.

आमच्या पिकांत गळतीच्या जागा साधारण अशा सापडतात: निविष्ठांची (खत, बियाणं, औषधं) किरकोळ खरेदी, मापातली आणि कडत्यातली घट, ओलाव्याच्या नावाखाली कापलेला भाव, काडीकचरा आणि डागी दाण्यांमुळे मिळालेला खालचा दर, आणि काढणीच्या गर्दीत विकावं लागणं.

यात ओलाव्याचं गणित सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. सोयाबीनला साधारण १२ टक्के ओलावा धरून दर ठरतो. समजा शेतकऱ्याने १६ टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन आणलं. त्यात कोरडा भाग ८४ किलो. तो १२ टक्क्यांवर वाळवला तर उरतं ८४ भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ९५.५ किलो. साडेचार किलो पाणी उडून गेलं. दर ५,००० रुपये धरला तर क्विंटलमागे जवळपास २२७ रुपये. तुम्ही ओल्या मालाला कोरड्या मालाचा भाव दिलात तर हा तोटा कंपनीचा, आणि हजार क्विंटलला तो सव्वादोन लाखांचा होतो. उलट अंदाजाने ‘ओलं आहे’ म्हणत भाव तीनशे-चारशेने पाडला जात असेल, तर लुटला जातो तो शेतकरी. ओलावा मोजणारं चांगलं मीटर आणि भिंतीवर लावलेला ‘किती टक्क्याला किती कपात’ हा तक्ता, एवढ्यावर दोघांचा प्रश्न सुटतो. मोठं यंत्र न घेता निर्माण झालेलं हे पहिलं मूल्य. मीटर दर हंगामाआधी तपासून घ्या आणि रीडिंग शेतकऱ्यासमोरच काढा.

वही भरून झाल्यावर स्वतःला विचारा: यातल्या कोणत्या दोन गळत्या आपण पहिल्याच वर्षी थांबवू शकतो? दोनच निवडा. पाच ठिकाणी एकदम हात घालणाऱ्या कंपन्या पहिल्याच हंगामात दमतात.

२. सभासद गोळा करताना याद्या भरू नका

कायद्याने उत्पादक कंपनीला किमान १० उत्पादक व्यक्ती किंवा २ उत्पादक संस्था पुरतात. संचालक कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १५. केंद्राच्या २०२० साली सुरू झालेल्या १०,००० एफपीओ (शेतकरी उत्पादक संघटना) योजनेत मात्र मैदानी भागासाठी ३०० सभासदांची अट होती, आणि घोळ तिथेच सुरू झाला. आधार कार्डांच्या झेरॉक्स जमवून ३०० नावं भरली जातात, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण भागधारक आहोत हेच माहीत नसतं.

याचा फटका कुठे बसतो ते ऐका. सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश गणपूर्ती लागते. ३०० नावं असतील तर ७५ माणसं प्रत्यक्ष बसली पाहिजेत. नावापुरते सभासद सभेला येत नाहीत, माल देत नाहीत, आणि ठराव अडतो.

म्हणून सुरुवात सलग पाच-सहा गावांतून करा. टेम्पो एका फेरीत माल गोळा करू शकेल इतकीच ती लांब असावीत. प्रत्येक गावात दोन-तीन अशी माणसं शोधा, ज्यांच्या शब्दावर लोक खळ्यावरचा माल उधार सोडतात. महिला बचत गटांना जरूर घ्या. त्यांना दरमहा बैठक, हिशेब आणि परतफेडीची सवय असते, आणि नव्या कंपनीला नेमकी तीच शिस्त हवी असते. जमीन पतीच्या नावावर असली तरी शेतात राबणाऱ्या बाईचा कंपनीतला वाटा कसा धरायचा, हा विषय संस्थापक बैठकीतच मोकळेपणाने घ्या.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, सगळे सभासद व्यक्ती असतील तर ज्याचे शंभर शेअर त्यालाही एकच मत आणि ज्याचा एक शेअर त्यालाही एकच. गावातल्या वजनदार माणसाला हे आधीच सांगा, नंतर कटुता येत नाही. दुसरी, ज्याचा स्वतःचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो, त्याला कायद्याने सभासद होता येत नाही. गावातला भुसार व्यापारी कितीही जवळचा असला तरी त्याला संचालक मंडळात घेऊ नका. त्याच्याशी वैरही धरू नका. वर्षानुवर्षं अडीनडीला उचल त्यानेच दिलेली असते. काही माल त्याच्यामार्फत विकावा लागेल, आणि बाजाराची खबर त्याच्याइतकी कुणालाच नसते.

३. नोंदणी

हे काम सीए किंवा कंपनी सेक्रेटरी करतात. तुम्ही कागद बिनचूक द्यायचे. आधी हे जमवा:

- १० प्रवर्तकांचं पॅन, आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल
- दोन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट किंवा पत्त्याचा तसाच अलीकडचा पुरावा
- सातबारा आणि ८-अ, तसंच शेतकरी असल्याचा दाखला
- नोंदणीकृत कार्यालयाच्या जागेचं वीजबिल आणि जागामालकाचं संमतीपत्र
- संचालकांच्या डिजिटल सह्या
- कंपनीसाठी चार-पाच पर्यायी नावं

पॅन, आधार आणि सातबारा यांवरचं नाव अक्षरनिहाय जुळलं पाहिजे. ‘दत्तात्रय’ एका कागदावर आणि ‘दत्तू’ दुसऱ्यावर असेल तर अर्ज परत येतो. हे आधी दुरुस्त करा, आठवडे वाचतात. प्रत्येक संचालकाचा मोबाइल आणि ईमेल त्याचा स्वतःचा असू द्या. सगळ्यांच्या नावाने एकाच माणसाचा नंबर लावला आणि तो माणूस उद्या दुरावला, तर ओटीपीवाचून कंपनी बंद पडते. डिजिटल सह्यांचे टोकनही सल्लागाराकडे कायमचे ठेवू नका.

नाव मंजूर करून घेणं आणि स्थापनेचा अर्ज ‘स्पाइस प्लस’ या एकाच ऑनलाइन फॉर्मच्या दोन भागांत होतं. कंपनीचा पॅन आणि टॅनही (करकपातीसाठीचा क्रमांक) त्यातूनच मिळतात. नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ येतं.

उद्दिष्टपत्र आणि नियमावली ही दोन कागदपत्रं दुसऱ्या कंपनीची जशीच्या तशी उतरवू नका. सीएकडे तयार मसुदा असतो, तो मराठीत समजावून घ्या. विशेषतः तीन कलमं: सक्रिय सभासद कोणाला म्हणायचं (वर्षाला किमान किती माल किंवा किती खरेदी), माल न देणाऱ्याचं मत राहील की नाही, आणि संचालक किती वर्षांनी निवृत्त होतील. हे आज लिहिलं नाही तर पाच वर्षांनी त्यावरूनच कंपनी फुटते.

४. पहिले सहा महिने

प्रमाणपत्र हातात आलं की मुदती लगेच धावू लागतात.

पहिला लेखापरीक्षक मंडळाने ३० दिवसांत नेमायचा. पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीपासून ९० दिवसांत, आणि संचालकांची निवडही त्याच ९० दिवसांत. भागभांडवल बँकेत जमा करून व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र, म्हणजे फॉर्म आयएनसी-२०ए, १८० दिवसांत. हा फॉर्म भरल्याशिवाय कंपनीला धंदा करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. बऱ्याच जणांना हे बँकेत गेल्यावर कळतं.

शेअरचे पैसे रोखीने घेऊन वहीत लिहिण्याऐवजी सभासदाच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात घ्या. पुढे समभाग अनुदान (सभासदांच्या भांडवलाच्या जोडीला मिळणारं सरकारी अनुदान) मागताना हीच नोंद तपासली जाते. शेअर सर्टिफिकेट प्रत्येकाच्या हातात द्या, घरी जाऊन द्या. सभासदाने तीन महिन्यांच्या आत वारस नोंदवायचा असतो, तो फॉर्म त्याच वेळी भरून घ्या. हा शेअर खुल्या बाजारात विकता येत नाही. मंडळाच्या मंजुरीने, दर्शनी किमतीला, दुसऱ्या सक्रिय सभासदालाच तो देता येतो. ‘शेअर वाढेल’ असं सांगून कुणाकडूनही पैसे घेऊ नका. वाढतो तो मालाचा भाव आणि बोनस, आणि तोही माल देणाऱ्यालाच.

५. मुख्य कार्यकारी अधिकारी

कायद्याने उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी लागतो, आणि तो सभासद नसलेलाच असावा लागतो. म्हणजे अध्यक्षांचा मुलगा सभासद असेल तर त्याला या जागी बसवता येत नाही. ही तरतूद शहाणपणाची आहे. भाव ठरवणारा, माल नाकारणारा आणि पैसे काढणारा माणूस गावकीच्या दबावापासून थोडा लांबच हवा.

कृषी पदवीधर मिळाला तर चांगलंच. पण त्याहून गरज आहे ती रोजचा साठा आणि रोजची रोकड रात्री जुळवून झोपणाऱ्या माणसाची. बारा-पंधरा हजारांत तुम्हाला असा माणूस वर्षभर टिकवता येणार नाही. केंद्राच्या योजनेत तीन वर्षांत मिळून कमाल १८ लाख रुपयांचं व्यवस्थापन साहाय्य होतं, त्यातून पगार निघायचे. ते संपलं की काय, हा प्रश्न पहिल्या दिवशीच मांडा. वर्षाचा पगार आणि कार्यालयाचा खर्च मिळून चार लाख होत असेल आणि क्विंटलमागे तुम्हाला निव्वळ ८० रुपये उरत असतील, तर खर्च भागायलाच ५,००० क्विंटल लागतात. तेवढा माल तुमच्या गावांतून येईल का? नसेल तर निविष्ठांची विक्री किंवा बीजोत्पादन जोडावं लागेल.

६. पहिला हंगाम निविष्ठांचा, दुसरा खरेदीचा

खरिपाआधी खत-बियाणं देणं ही सभासदांशी नातं जोडायची सगळ्यांत सोपी जागा. बियाणं, खतं आणि कीटकनाशकं यांचे तीन वेगळे परवाने कृषी विभागाकडून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी ठरावीक शिक्षण असलेली व्यक्ती लागते. मार्चपासून कागद हलवा. मे महिन्यात अर्ज करून पेरणी गाठता येत नाही. उधारीबद्दल मंडळाचा लेखी ठराव असू द्या. सभासदाला मालाची उधारी कायद्याने सहा महिन्यांपर्यंतच देता येते. एका संचालकाने आपल्या भावकीला तोंडी उधार दिलं की बाकीचे रांगेत उभे राहतात.

सोयाबीन पट्ट्यात बीजोत्पादनावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण मूल्य खरोखर तिथे वाढतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुले संगम यांसारख्या वाणांचं पायाभूत बियाणं घेऊन सभासदांच्या शेतात प्रमाणित बियाणं करायचं. महाराष्ट्र राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेकडे क्षेत्र नोंदवायचं, तिचे अधिकारी पीक पाहून जातात, मग प्रक्रिया आणि उगवण चाचणी. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. हेच दाणे धान्य म्हणून तेल कारखान्यात गेले असते. बियाणं झाल्यावर दर चांगलाच वर जातो, आणि ती वाढ शेतकऱ्याच्या काळजीतून येते: भेसळीची झाडं उपटणं, मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवणं, पोती उंचावरून न आदळणं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, पोतं गाडीतून फेकलं तरी उगवण घटते. त्यामुळे हमालांना बसवून हे समजावणं आणि हळू हाताळणीसाठी पोत्यामागे थोडी जास्त हमाली देणं, हा खर्च पुरेपूर वसूल होतो. हमालांना कंपनीचा भाग मानणं म्हणजे प्रत्यक्षात हेच.

धान्याच्या खरेदीसाठी हे आधी हाताशी ठेवा: प्रमाणित इलेक्ट्रॉनिक काटा, ओलावा मीटर, चाळण्यांचा संच, नमुना काढायचा परखी, बारदाना, लाकडी पॅलेट, ताडपत्र्या, आणि तीन प्रतींतलं पावतीपुस्तक. पावतीवर वजन, ओलावा, काडीकचरा, दर आणि कपात वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. बाजार समितीबाहेर थेट खरेदी करायची तर पणन संचालनालयाचा थेट पणन परवाना लागेल का, हे पीक आणि जागा सांगून विचारून घ्या.

भावाचं वचन कधीही देऊ नका. पैशाच्या तारखेचं वचन द्या आणि पाळा. शेतकरी पन्नास रुपये कमी एकवेळ सोसतो, पण सांगितलेल्या दिवशी खात्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या वर्षी तो फिरकत नाही. आणि त्याचं चूक नाही, कारण त्याच पैशावर त्याची रब्बीची पेरणी असते.

नाफेडसारख्या यंत्रणांसाठी हमीभाव खरेदी केंद्र मिळालं तर घ्या. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आणि तुरीचा ८,००० रुपये होता, आणि बाजार त्याखाली असताना सभासदाला त्याचा मोठा आधार होतो. पण बारदान्याची टंचाई, ओलाव्यावरून परत आलेले ट्रक आणि उशिरा मिळणारं कमिशन याची तयारी ठेवा. वर्षभराचा धंदा त्यावरच उभा करू नका, खरेदी बंद झाली की कंपनीही बंद पडते.

७. भांडवलाचा खरा हिशेब

३०० सभासदांनी हजार-हजार रुपये भरले तर जमतात ३ लाख. ५,००० रुपये दराने त्यात येतं फक्त ६० क्विंटल सोयाबीन. दहा टनांची गाडी भरायला १०० क्विंटल लागतं. म्हणजे सगळं भागभांडवल लावूनही एक गाडी भरत नाही. हा हिशेब पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडा.

मार्ग पुढीलप्रमाणे. एफपीओ योजनेत सभासदामागे कमाल २,००० रुपये आणि कंपनीला कमाल १५ लाख रुपये, सभासदांच्या भांडवलाइतकं समभाग अनुदान ठेवलेलं होतं, शिवाय कर्जाला पतहमी. नाबार्डची नॅबकिसान ही उपकंपनी उत्पादक कंपन्यांना खेळतं भांडवल देते. गोदाम किंवा प्राथमिक प्रक्रियेसाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत ठेवलेली आहे. राज्यात ‘स्मार्ट’ हा कृषी व्यवसायाला मदत करणारा प्रकल्प आहे. कोणत्या योजनेचे अर्ज सध्या सुरू आहेत ते तालुका कृषी अधिकारी, आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालय किंवा नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक यांच्याकडे विचारा. अनुदान मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारा भेटला तर तिथूनच परत फिरा.

पण पैसा फिरवणं हे पैसा आणण्याइतकंच महत्त्वाचं. कारखाना आठ दिवसांत पैसे देत असेल तर सभासदांचे ३ लाख आणि तेवढंच अनुदान मिळून झालेले ६ लाख महिन्यात तीन वेळा फिरतात. पंचेचाळीस दिवस लावत असेल तर एकदाही पुरते फिरत नाहीत. चाळीस रुपये जास्त देणाऱ्या पण महिनाभर रखडवणाऱ्या खरेदीदारापेक्षा लवकर पैसे देणारा कितीतरी बरा.

बाहेरच्या गुंतवणूकदाराला उत्पादक कंपनीचे शेअर देता येत नाहीत, सभासद उत्पादकच असावा लागतो. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये उभे केले, ते उपकंपनीत. शेतकऱ्यांची मूळ कंपनी शेतकऱ्यांच्याच हातात राहिली. तुमची-आमची कंपनी त्या आकाराची नाही, तरी ही रचना समजून ठेवा.

८. साठवणूक: दर वेळी फायदा होतोच असं नाही

काढणीच्या गर्दीत भाव पडतात म्हणून माल ठेवावा, हे बरोबर. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळत आलं आहे. गोदाम विकास आणि नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गोदामाच्या इलेक्ट्रॉनिक पावतीवर बँकाही कर्ज देतात. सभासदाला सावकाराकडे न जाता थांबता येतं, हे मोठं काम आहे.

मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, आणि तो भाव परत येईल म्हणून पुढची दोन-दोन वर्षं घरात ठेवलेला माल लोकांनी पाच हजारांखाली विकला. ऑगस्ट २०२१ मध्ये हरभऱ्याचे आणि डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवणारे सौदे) सेबी या बाजार नियामक संस्थेने थांबवल्यावर भाव बांधून ठेवायची ती वाटही बंद झाली. म्हणून नियम ठरवा: कंपनीच्या पैशाने घेतलेला माल साठवायचा नाही, तो गाडी भरली की निघाला पाहिजे. थांबायचं असेल तर सभासदाने स्वतःचा माल स्वतःच्या नावाने तारण ठेवावा, कंपनीने कागद आणि वाहतुकीत मदत करावी.

९. खरेदीदार आणि यंत्र

लातूरसारख्या ठिकाणच्या तेल आणि डाळ कारखान्यांत आधी नमुना घेऊन जा. त्यांना विचारा की कोणता दोष आला तर ते गाडी नाकारतात. डागी दाणा, फूट, काडीकचरा यांची मर्यादा लिहून घ्या आणि तीच मर्यादा तुमच्या खरेदी केंद्रावर लावा. कारखान्याला दहा व्यापाऱ्यांकडून मिसळून येणाऱ्या मालापेक्षा सारख्या प्रतीची आणि ठरल्या दिवशी येणारी गाडी हवी असते, आणि त्यासाठी तो थोडा जास्त दर देतो. तुमच्या गाव-गट बांधणीची खरी किंमत कारखान्याच्या गेटवर कळते. पण एकाच कारखान्यावर सगळा माल सोडू नका.

चाळणी-प्रतवारीचं यंत्र दोन हंगाम भाड्याच्या यंत्रावर काम केल्यावरच घ्या. तोवर तुम्हाला कळलेलं असतं की वर्षात किती दिवस ते चालेल. तासाला दोन टनांचं यंत्र दिवसाला आठ तास चाललं तर १६० क्विंटल साफ होतं. ४,००० क्विंटलचा तुमचा हंगाम पंचवीस दिवसांत संपला. उरलेले दिवस ते काय करणार, याचं उत्तर हरभरा, गहू आणि गावाबाहेरच्या शेतकऱ्यांचं भाडेकाम यांतून काढा, आणि मग कर्जावर सही करा. थ्री-फेज वीज दिवसा किती तास असते तेही त्यात धरा.

१०. वर्षअखेर: पैसे कोणाला, किती

उत्पादक कंपनीत सभासदाला तीन वाटांनी पैसे मिळतात. माल दिला तेव्हाचा दर. त्यातला काही भाग कंपनीने राखून ठेवला असेल तर नंतर मिळणारी रक्कम. ती रोख, वस्तूंत किंवा शेअरच्या रूपातही देता येते. आणि भागभांडवलावरचा मर्यादित परतावा व राखीव निधी बाजूला काढून उरलेल्या शिलकीतून सहभाग बोनस.

समजा बोनससाठी ३ लाख रुपये उरले आणि सभासदांनी मिळून ६,००० क्विंटल माल दिला. क्विंटलमागे ५० रुपये. ४० क्विंटल देणाऱ्याला २,००० रुपये, आणि दहा शेअर घेऊन एक दाणाही न देणाऱ्याला बोनस शून्य. हा तक्ता नावानिशी सभेत वाचून दाखवा. पुढच्या वर्षीचा माल त्या वाचनातूनच येतो. रक्कम लहान असली तरी पहिल्या नफ्याच्या वर्षी थोडा बोनस वाटाच, सगळं शेडमध्ये घालू नका.

सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी, ताळेबंदासह. दोन वार्षिक सभांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा. ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ सभेनंतर ठरल्या मुदतीत भरायचे. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये लागत राहतात. सलग तीन वर्षं विवरणं भरली नाहीत तर सगळे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, ज्याने एकही बैठक पाहिली नाही असा नावापुरता संचालकसुद्धा. धंदा बंद असला तरी फॉर्म भरावेच लागतात. सीएची वर्षाची फी, अंदाजे रकमेसह, एप्रिलमध्येच वेगळ्या खात्यात काढून ठेवा आणि भरलेल्या प्रत्येक फॉर्मची पावती कंपनीच्या ईमेलवर आल्याशिवाय बिल देऊ नका.